बाकी सगळं नेट सुरळीत, एकच साइट घरच्या लाइनवर उघडत नाही: तपासायचं काय?

कोकणकडा

घरी लोकल केबलवाल्याचं फायबर आहे, १०० एमबीपीएसचा प्लॅन. त्याचं ओएनटी (फायबर ज्यात येऊन संपतं ते खोकं) पीपीपीओईने, म्हणजे यूजरनेम-पासवर्ड देऊन, डायल करतं. ओएनटीच्या पहिल्या लॅन पोर्टमधून केबल स्वतःच्या वाय-फाय राउटरच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टमध्ये गेली आहे. घरातली सगळी साधनं या राउटरवर आहेत.

बिल भरायची एक साइट सोडून सगळं चालतं. यूट्यूब, मेल, बँक, व्हिडिओ कॉल, कशालाच अडचण नाही. त्या साइटचा टॅब गोल फिरत राहतो आणि शेवटी क्रोम ‘ईआरआर कनेक्शन टाइम्ड आउट’ दाखवतो, कधी ‘कनेक्शन रीसेट’. फायरफॉक्स आणि एज दोन्हीत तेच. दुसरा लॅपटॉप, घरच्या वाय-फायवरचा मोबाइल, तेच. मोबाइल डेटावर मात्र ती क्षणात उघडते.

कॅश साफ केली, राउटर-ओएनटी बंद-चालू केले, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) ८.८.८.८ केला. केबलवाला म्हणतो लाइन ओके आहे, प्रॉब्लेम साइटचा. साइटवाले म्हणतात प्रॉब्लेम तुमच्या नेटचा. पुढे काय?

आडवाटेचा_प्रवासी

ओएनटीवर ‘लॉस’चा लाल दिवा लागतो का ते बघा. ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल पॉवर दिसते. ती उणे २७ डीबीएमच्या खाली गेली असेल तर कनेक्टर साफ करून घ्या, नाहीतर केबल कुठेतरी जास्त वाकली आहे.

तारायंत्र

@आडवाटेचा_प्रवासी, प्रकाश कमी पडला तर सगळंच अडखळतं. व्हिडिओ कॉल नीट चालतोय आणि एकच साइट बंद आहे, याचा फायबरशी संबंध नाही. डीबीएम बघायला हरकत नाही, पण उत्तर तिथे सापडणार नाही.

कोकणकडा, साइट उघडताना चार गोष्टी एकामागून एक होतात: नावावरून आयपी पत्ता मिळतो, त्या पत्त्याच्या ४४३ पोर्टशी टीसीपी जोडणी होते, मग टीएलएसची (सुरक्षित जोडणीची) बोलणी आणि शेवटी पान येतं. गाडी नेमकी कुठे अडते ते कळल्याशिवाय सेटिंग बदलत सुटू नका. सगळ्या ब्राउझरमध्ये आणि सगळ्या साधनांवर तेच होतंय, म्हणजे कॅश, एक्स्टेन्शन, अँटिव्हायरस हे विषय संपले. त्यात वेळ घालवू नका.

विंडोजवर पॉवरशेल उघडा. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमन लहान अक्षरांत.) आधी ‘एनएसलुकअप’ आणि पुढे साइटचं नाव. मग तेच पुन्हा, पण शेवटी एक जागा सोडून १.१.१.१ लिहा. दोन्हीकडून कोणते पत्ते येतात ते इथे सांगा. नंतर ‘टीएनसी साइटचंनाव -पोर्ट ४४३’. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ येतं की ‘फॉल्स’ ते महत्त्वाचं. त्यानंतर ‘कर्ल.ईएक्सई -व्ही’ आणि पुढे एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता. पॉवरशेलमध्ये ‘.ईएक्सई’ विसरू नका, नुसतं कर्ल लिहिलं तर जुनं पॉवरशेल भलतीच आज्ञा चालवतं. शेवटी हेच एचटीटीपीएसऐवजी साध्या एचटीटीपीने करा.

शून्यवादी

वरच्याला जोड. राउटरवर डीएनएस बदलला म्हणजे तो सगळीकडे बदललाच असं नाही. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ चालू असेल तर ब्राउझर राउटरला न विचारता ४४३ पोर्टवरून थेट बाहेर विचारतो. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे, तोही राउटरला बगल देतो, फक्त ८५३ पोर्टवरून. त्यामुळे एनएसलुकअप एक पत्ता सांगतं आणि ब्राउझर दुसऱ्याच पत्त्यावर जातो, असं होऊ शकतं. तपासणीपुरतं दोन्ही बंद करा. विंडोजची साठवण ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ने पुसा. आणि सिस्टीम३२ मधल्या ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरातली होस्ट्स फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघा. जाहिराती अडवायला कोणीतरी कधीतरी भरलेल्या ओळी त्यात राहून जातात.

तुमच्याकडे सगळ्या साधनांवर तेच होतंय, त्यामुळे होस्ट्स फाइल हे कारण नसणार. धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

रेशीमगाठ

एवढा खटाटोप कशाला, व्हीपीएन लावा, उघडेल.

तारायंत्र

उघडेलही, पण त्यातून कळणार काहीच नाही. व्हीपीएन लावल्यावर एकदम तीन गोष्टी बदलतात: डीएनएस, बाहेर दिसणारा आयपी पत्ता आणि पॅकेटचा आकार. वायरगार्ड हा व्हीपीएन एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल मर्यादा, साधारण १४२० बाइट ठेवतो. यातल्या कशामुळे साइट उघडली ते सांगता येत नाही. मोबाइल डेटाचंही तसंच. शिवाय पैसे भरायच्या साइट परदेशातल्या व्हीपीएनच्या पत्त्यांना बरेचदा अडवतात, मग अडचण एकाची दोन होते.

कोकणकडा

केलं सगळं. एनएसलुकअप दोन्हीकडून एकच आयपीव्ही४ पत्ता देतं, आयपीव्ही६ पत्ता नाही. टीएनसीमध्ये ‘ट्रू’. कर्ल ‘कनेक्टेड’पर्यंत जातं आणि तिथेच थांबतं, बऱ्याच वेळाने रीसेट. साध्या एचटीटीपीने मात्र लगेच ‘३०१ मूव्ह्ड पर्मनंटली’ येतं.

तारायंत्र

हे शेवटचं फार बोलकं आहे.

डीएनएस बरोबर आहे. टीसीपीचा हस्तांदोलनाचा भाग पार पडतो, म्हणजे वाट आहे आणि तुमचा आयपी पत्ता ब्लॉकही नाही. ३०१चं उत्तर काहीशे बाइटचं असतं, ते येतं. टीएलएसमध्ये सर्व्हरला प्रमाणपत्रांची साखळी पाठवावी लागते. ती साधारण तीन-चार हजार बाइटची, म्हणजे पूर्ण भरलेली दोन-तीन पॅकेटं. ती येत नाहीत. लहान पॅकेट येतं आणि मोठं हरवतं, तेव्हा एमटीयूकडे बघायचं.

इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा १५०० बाइट. पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःच्या हेडरला घेतो, ६ त्याचे आणि २ पीपीपीचे. उरतात १४९२. पीपीपीओई तुमचं ओएनटी करतंय. तुमचा राउटर त्याच्यामागे ‘डायनॅमिक आयपी’वर बसलाय, त्याला याचा पत्ताच नाही, तो १५००च धरून चालतो. लॅपटॉप जोडणी करताना सर्व्हरला सांगतो, ‘मला १४६० बाइटचे तुकडे पाठव’. १४६० अधिक आयपी आणि टीसीपीची ४० मिळून १५००. सर्व्हर तसंच पाठवतो आणि ते केबलवाल्याच्या टोकाला पीपीपीओईत मावत नाही.

असं झालं की वाटेतलं यंत्र सर्व्हरला आयसीएमपीने (नेटवर्कच्या अडचणी कळवायच्या निरोपांनी) कळवतं: तुकडा मोठा आहे, लहान कर. सर्व्हरने ऐकलं तर काम होतं, तुम्हाला काही कळतही नाही. पण पुष्कळ ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलमध्ये आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. निरोप पोचत नाही, सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो आणि तुमचा टॅब फिरत राहतो. मोठ्या साइट हा निरोप ऐकतात किंवा मुळातच जरा लहान तुकडे पाठवतात, म्हणून यूट्यूबला काही होत नाही. साइटवाला आणि केबलवाला दोघेही आपापल्या परीने ‘आमच्याकडे ओके’ म्हणू शकतात, ते यामुळेच.

ओएनटीने मध्ये पडून तो १४६०चा आकडा (त्याला एमएसएस म्हणतात) १४५२ करायला हवा होता. त्याला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. बरीच खोकी हे आपोआप करतात, तुमचं करत नसावं.

खात्री अशी करा. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. ‘नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो सबइंटरफेसेस’ने नावं आणि एमटीयू दिसतील. मग ‘नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ सेट सबइंटरफेस "वाय-फाय" एमटीयू=१४०० स्टोअर=ॲक्टिव्ह’. नाव यादीत दिसतं तसंच, अवतरणचिन्हांत. ‘ॲक्टिव्ह’ लिहिलं की बदल रीस्टार्टपर्यंतच राहतो, प्रयोगाला तेच बरं. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि साइट बघा.

विजेरी

मधेच एक शंका. १४०० का? थेट १४९२ का नको?

तारायंत्र

आधी निदान, मग नेमका आकडा. वाटेत आणखी एखादा बोगदा (एक पॅकेट दुसऱ्यात भरून नेणारी वाट) असेल तर १४९२ही पुरणार नाही आणि कारण एमटीयू नव्हतंच असा गैरसमज होईल. १४०० बहुतेक सगळीकडून जातो. आयपीव्ही६ असेल तर १२८०च्या खाली मात्र जायचं नाही, ती त्याची किमान मर्यादा आहे.

कोकणकडा

१४०० केलं आणि साइट उघडली! लॉगिनपर्यंत गेलो. मोबाइलवर अजून बंदच आहे, अर्थात.

खडूसकाका

मोबाइलवर एमटीयू बदलायची सोय नसते, टीव्हीवरही नाही. इलाज राउटरवरच करावा लागेल. प्रत्येक लॅपटॉपवर नेटएसएच मारत फिरू नका, पुढे वर्षभराने कोणालाही आठवत नाही काय केलं होतं ते.

आधी नेमकी मर्यादा काढा. लॅपटॉप रीस्टार्ट करा म्हणजे १४०० जाईल. मग ‘पिंग -एफ -एल १४७२ १.१.१.१’. एल हे अक्षर आहे, एकचा आकडा नव्हे, इथे पुष्कळ जण अडकतात. -एफ म्हणजे पॅकेट तोडू नको. आकडा फक्त आतल्या मजकुराचा असतो, त्यात २० आयपीचे आणि ८ आयसीएमपीचे मिळवायचे. १४७२ गेलं तर एमटीयू १५००. १४६४ गेलं आणि १४६५ अडलं तर १४९२. मॅकवर ‘पिंग -डी -एस १४६४’, लिनक्सवर ‘पिंग -एम डू -एस १४६४’, तिथे एम आणि मॅकवरचा डी हे दोन्ही मोठे. पिंग त्या बिलाच्या साइटला करू नका. आयसीएमपी बंद असलेली साइट पिंगला उत्तर देईलच असं नाही.

आणि अडतं कसं तेही बघा. ‘पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड’ असं उत्तर येणं आणि नुसतं ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येणं यात फरक आहे. पहिल्यात वाटेतलं यंत्र तोंड उघडून सांगतंय. दुसऱ्यात पॅकेट मुकाट गिळलं जातंय.

म्युनिकचा_मुक्काम

धागा वाचून प्रश्न पडला. इथे जर्मनीत केबल इंटरनेट आहे, भारतातल्या एका सरकारी खात्याची साइट उघडत नाही. हेच कारण असेल का? टीएनसीमध्ये ‘फॉल्स’ येतं.

खडूसकाका

नाही. तुमच्याकडे टीसीपी जोडणीच होत नाही, आणि जोडणीची पॅकेटं लहान असतात, एमटीयूचा प्रश्न तिथे येतच नाही. भारतातल्या बऱ्याच सरकारी साइट परदेशी आयपी पत्त्यांना दारातूनच परत पाठवतात. भारतातल्या कोणाला तरी तीच साइट त्याच वेळी उघडून बघायला सांगा. तिकडे उघडत असेल तर तुमच्या राउटरमध्ये करण्यासारखं काही नाही.

तुमच्याकडच्या केबलवर डीएस-लाइट असू शकतं. त्यात आयपीव्ही४ची पॅकेटं आयपीव्ही६च्या बोगद्यातून जातात आणि ४० बाइट हेडरला लागतात, उरतात १४६०. ‘जोडणी होते पण पान येत नाही’ असं लक्षण कुठे दिसलं तर तिथे हा आकडा आठवा.

शून्यवादी

टीएनसी ‘फॉल्स’ येण्याचं आणखी एक घरगुती कारण: सामायिक आयपी. राउटर थेट डायल करत असेल तर त्याच्या वॅन पानावर, नाहीतर ओएनटीच्या पानावर, १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होणारा पत्ता दिसला तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे बाहेरच्या एका पत्त्यावर शेकडो घरं. त्यातल्या एखाद्याच्या कॉम्प्युटरने कुठल्या साइटला त्रास दिला तर ती तो पत्ता अडवते आणि सगळेच अडकतात. कधी ‘४०३’ किंवा ‘ॲक्सेस डिनाइड’चं पान येतं, कधी काहीच येत नाही. ओएनटी दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवून चालू केलं तर नव्या सेशनला बरेचदा वेगळा पत्ता मिळतो. वारंवार होत असेल तर स्टॅटिक आयपी मागा, त्याचे वेगळे पैसे पडतात.

आणि काही साइट भारतात आदेशानुसार बंद असतात, तेव्हा तुमचं उपकरण निर्दोष असतं. २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरची अधिकृत साइट बरेच महिने बंद होती, नोव्हेंबरमध्ये पुन्हा खुली झाली. २०१७च्या ऑगस्टमध्ये इंटरनेट अर्काइव्हही असंच अडलं होतं. एका कंपनीच्या लाइनवर बंद आणि दुसरीच्या लाइनवर चालू, असंही दिसतं, कारण अडवायची पद्धत ज्याची त्याची. कोणी डीएनएसमध्ये भलताच पत्ता देतं, कोणी टीएलएसच्या पहिल्याच पॅकेटमधलं नाव वाचून जोडणी रीसेट करतं. दुसऱ्या प्रकारात रीसेट लगेच येतो. कोकणकडांकडे तो बऱ्याच वेळाने आला, हा फरक लक्षात ठेवा.

विजेरी

कर्ल चालतं आणि फक्त क्रोम अडकतो, असंही होतं ना?

तारायंत्र

होतं. २०२४च्या एप्रिलमध्ये क्रोम १२४ आला, तेव्हापासून डेस्कटॉपवर क्वांटमपश्चात (क्वांटम कॉम्प्युटरपुढेही टिकणारी) किल्ली टीएलएसच्या पहिल्या निरोपातच जाते. ती किल्ली एकटीच १२१६ बाइटची. त्यामुळे पूर्वी एका पॅकेटात मावणारा ‘क्लायंट हेलो’ आता दोन पॅकेटांत जातो. काही जुन्या फायरवॉलना आणि सर्व्हरना दुसऱ्या पॅकेटची वाट बघायची सवयच नाही, ते जोडणी तोडतात. तिथे दोष समोरच्याचा. विंडोजमधल्या कर्लचा हेलो लहान असतो, म्हणून तो निसटतो. अशा वेळी घरातल्या राउटरला हात लावायचा नाही, साइटवाल्यांना कळवायचं.

आयपीव्ही६चा एक पेच त्याहून वाईट. साइटला दोन्ही पत्ते असतील तर ब्राउझर आधी आयपीव्ही६ धरतो, आणि साधारण पाव सेकंदात जोडणी झाली नाही तर आयपीव्ही४कडेही हात टाकतो. पण हे फक्त जोडणीपुरतं. लहान पॅकेटांनी जोडणी झाली आणि मग मोठी हरवू लागली की तो मागे फिरत नाही. तपासायला ‘कर्ल.ईएक्सई -४ -व्ही’ आणि ‘कर्ल.ईएक्सई -६ -व्ही’ वेगवेगळे चालवा. चारने येतं आणि सहाने अडतं, तर आयपीव्ही६चा एमटीयू बघा. आयपीव्ही६ कायमचं बंद करून टाकायचा सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो पटत नाही. तपासायला बंद करा आणि कारण सापडलं की चालू करा.

कोकणकडा

१४६४ जातं. १४६५ला ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, चारही वेळा.

तारायंत्र

म्हणजे मर्यादा १४९२ आणि पॅकेट मुकाट गिळलं जातंय. ओएनटीने निरोप पाठवला नाही किंवा तुमच्या राउटरने तो आत सोडला नाही. आता दोन रस्ते.

सोपा रस्ता: तुमच्या राउटरच्या वॅन पानावर, बहुधा ‘ॲडव्हान्स्ड’खाली, एमटीयूची चौकट असेल. १५०० काढून १४९२ लिहा, सेव्ह करा, राउटर रीस्टार्ट. लॅपटॉप १५००वरच राहू द्या आणि साइट उघडून बघा. उघडली तर राउटर या आकड्यावरून एमएसएस स्वतः कमी करतोय, काम झालं. नाही उघडली तर तो फक्त स्वतःच्या बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा विचार करतोय. मग ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ नावाचं सेटिंग शोधा. ओपनडब्ल्यूआरटीवर ते फायरवॉलच्या वॅन झोनमध्ये असतं आणि सहसा आधीच चालू असतं. मायक्रोटिकवर फायरवॉलच्या मँगलमध्ये ‘चेंज एमएसएस’चा नियम लिहावा लागतो. आकडा हाताने द्यायचा असेल तर आयपीव्ही४ला १४५२, आयपीव्ही६ला १४३२, कारण त्याचं हेडर २० बाइट मोठं. एमटीयूच्या चौकटीत १४५२ लिहू नका. दोन्ही आकड्यांची गल्लत सर्रास होते आणि साइट उघडतेही, फक्त प्रत्येक पॅकेटात ४० बाइट कायमचे वाया जातात.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे ते डायल न करता पॅकेटं नुसती पुढे पाठवेल असं करून, पीपीपीओई तुमच्याच राउटरवर घ्यायचं. डबल नॅट (ओएनटी आणि राउटर दोघांनी पत्ते बदलणं) जातं, आणि पीपीपीओई निवडलं की राउटर १४९२ स्वतःच धरतो. त्यासाठी केबलवाल्याकडून यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक लागेल. त्याने मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवला असेल तर राउटरचा मॅक नोंदवून घ्यावा लागेल. ब्रिज करण्याआधी हे सगळं हातात असू द्या, नाहीतर ओएनटीही डायल करत नाही आणि राउटरही नाही. ओएनटीच्या चालू सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा.

कोकणकडा

सोपा रस्ता चालला. १४९२ केलं, मोबाइलवरही साइट उघडते. ब्रिजचं केबलवाल्याला विचारतो. तो ‘लाइन ओके’च्या पुढे जाईल का, शंका आहे.

खडूसकाका

त्याला ‘साइट उघडत नाही’ म्हणू नका, तो पुन्हा स्पीड टेस्ट काढायला लावेल. असं लिहून पाठवा: ‘पीपीपीओई सेशनवर १४६४ बाइटचं डीएफ पिंग जातं, १४६५ला टाइमआउट, आयसीएमपी फ्रॅगमेंटेशन नीडेडचा निरोप येत नाही. ओएनटीवर एमएसएस क्लॅम्पिंग चालू करा किंवा ओएनटी ब्रिज करून द्या.’ हे पुढे त्यांच्या नेटवर्कवाल्याकडे गेलं तर त्याला दोन मिनिटांत कळेल.

आणि ओएनटीचं स्वतःचं वाय-फाय चालू असेल तर बंद करा. त्याच्यावर चिकटलेली साधनं तुमच्या राउटरमधून जातच नाहीत, त्यांना १४९२चा फायदा नाही. टीव्ही बहुतेक तिथेच सापडेल.